तारेची विद्युत करवत : लाकूड यंत्राकडे आणावे, यंत्र झाडाकडे नेऊ नये

आदिलाबाद जिल्ह्यातील बेला मंडल हा पैनगंगेच्या दक्षिणेस पसरलेला काळ्या मातीचा सीमावर्ती पट्टा आहे. कापूस, तूर आणि सोयाबीन ही येथील पिके; धुऱ्यांवर बाभूळ आणि कडुनिंब, तर कोठे कोठे साग. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी धुऱ्यावरच्या फांद्या छाटणे, वादळात आडवे झालेले झाड तोडून गाडीवाट मोकळी करणे आणि पावसाळ्यापुरते सरपण कोरडे करून ठेवणे ही कामे घरोघरी निघतात. पूर्वी ती कुऱ्हाडीने आणि दोघांनी ओढायच्या आरीने होत. आता त्यांच्या जोडीला विजेवर चालणारी साखळी करवत, म्हणजे चेनसॉ, आली आहे. पेट्रोलच्या करवतीपेक्षा ती हलकी व स्वस्त असते, दोरी ओढून सुरू करावी लागत नाही आणि धूरही करत नाही. त्यामुळे ती मिक्सर किंवा ड्रिल यांच्यासारखे घरगुती उपकरण वाटते.

या समजुतीतच धोका आहे. तारेच्या करवतीत दोन घातक गोष्टी एकत्र येतात : उघडी फिरणारी दातेरी साखळी आणि माणसाच्या हातापर्यंत आलेला 230 व्होल्टचा प्रवाह. साखळीबद्दलची काळजी जगभर सारखीच आहे. विजेबद्दलची काळजी मात्र आपल्या शेतशिवारात अधिक घ्यावी लागते, कारण झाड शेतात असते आणि सुरक्षित सॉकेट घरात. हे अंतर कसे भरून काढले जाते, यावर पुष्कळ काही ठरते.

यंत्राची ओळख

जर्मनीतील आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी साखळी करवत तयार केली. ती इतकी जड होती की दोन माणसांना मिळून धरावी लागे. आजची घरगुती करवत साधारण 4 ते 5 किलो वजनाची असते. साखळी ज्या लांबट पोलादी पट्टीभोवती फिरते तिला कारागीर ‘बार’ म्हणतात. घरगुती यंत्रात बार बहुधा 14 ते 16 इंचांचा असतो आणि मोटर 1800 ते 2400 वॅटची.

साखळीचा वेग सेकंदाला साधारण 10 ते 15 मीटर असतो. दचकून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद लागतो असे धरले, तरी तेवढ्या वेळात सुमारे तीन मीटर साखळी एका जागेवरून सरकून गेलेली असते. म्हणजे बारभोवती दोन-तीन फेऱ्या पुऱ्या होतात. ‘वेळेवर हात काढून घेऊ’ या भरवशावर हे यंत्र चालवता येत नाही. सुरक्षितता आधीच्या मांडणीत असावी लागते.

वीज कोठून घ्यावी

2000 वॅटची करवत 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेते. त्यामुळे ती 6 अँपिअरच्या लहान सॉकेटवर लावू नये. फ्रिज किंवा गिझरसाठी असतो तसा 16 अँपिअरचा सॉकेट, त्यामागे योग्य जाडीची वायरिंग आणि नीट केलेले अर्थिंग एवढे किमान हवे.

शेतात असा सॉकेट नसतो. तेथे असतो तो पंपाचा स्टार्टर. तेलंगणात 1 जानेवारी 2018 पासून शेतीपंपांना चोवीस तास मोफत वीज देण्यास सुरुवात झाली, त्यामुळे विहिरीवरच्या पेटीत वीज आहेच असे धरून चालण्याची सवय लागली आहे. करवत हाती असली की त्या पेटीतून दोन वायरी ओढण्याचा मोह होतो. तो दोन कारणांनी जिवावर बेतू शकतो.

पहिले कारण असे की पंपाचा पुरवठा तीन फेजचा असतो. कोणत्याही दोन फेजमध्ये सुमारे 415 व्होल्टचा दाब असतो. 230 व्होल्टसाठी बनवलेली मोटर त्यावर जोडली, तर ती मर्यादेपलीकडच्या वेगाने फिरते व जळू शकते. अशा वेगात साखळी तुटून अंगावर येण्याचाही धोका असतो.

दुसरे कारण अधिक फसवे आहे. न्यूट्रल उपलब्ध नसली की एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगच्या तारेला जोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. दिवा लागतो, करवतही फिरते, म्हणून काम झाले असे वाटते. प्रत्यक्षात करवतीचा सारा प्रवाह त्या अर्थिंगमधून जमिनीत उतरत असतो. एक ढोबळ हिशेब पाहू. 2000 वॅटच्या भाराचा रोध सुमारे 26 ओहम असतो. अर्थिंगचा रोध 10 ओहम धरला, तर प्रवाह सुमारे 6.3 अँपिअर होतो आणि अर्थिंगच्या तारेवर सुमारे 63 व्होल्टचा दाब चढतो. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते व अर्थिंगचा रोध वाढतो. तो 30 ओहम झाला, तर हा दाब 120 व्होल्टच्या घरात जातो. त्याच तारेला पंपाचे अंग, स्टार्टरची लोखंडी पेटी आणि त्यांतून विहिरीवरचा पाइप जोडलेला असतो. करवत चालवणारा सुखरूप असताना विहिरीवर पाणी प्यायला गेलेला दुसराच माणूस किंवा पाइपाला टेकलेले जनावर धक्क्याने पडू शकते. अर्थिंगची ती तार मध्येच तुटली, तर तुटलेल्या टोकावर पूर्ण 230 व्होल्ट येतात.

वरून जाणाऱ्या तारांवर आकडा टाकून वीज घेणे हा विद्युत कायदा, 2003 च्या कलम 135 खाली वीजचोरीचा गुन्हा आहे. पंपासाठी मंजूर झालेली वीज दुसऱ्या कामाला वापरणे कलम 126 नुसार अनधिकृत ठरते. कायदा बाजूला ठेवला, तरी आकड्याच्या वायरीवर फ्यूज नसतो, स्विच नसतो आणि अपघात झाल्यास प्रवाह तोडण्याचे कोणतेही साधन जवळ नसते.

यावरून एकच नियम निघतो. तारेची करवत घराच्या अंगणात, गोठ्यापाशी किंवा खळ्यावर, चांगल्या सॉकेटच्या टप्प्यातच वापरावी. शेतातले लाकूड कुऱ्हाडीने किंवा हातकरवतीने वाहण्याजोगे तोडून बैलगाडीतून वा ट्रॅक्टरमधून तेथे आणावे. शेतातच काम करणे भाग असेल, तर बॅटरीवरची किंवा पेट्रोलची करवत बाळगणारा जाणकार माणूस मजुरीने बोलवावा.

एमसीबी यंत्र वाचवते, आरसीसीबी माणूस

घरात एमसीबी आहे म्हणजे धक्क्याची भीती नाही, हा समज सर्वत्र आढळतो. 16 अँपिअरचा एमसीबी वायर तापू नये यासाठी असतो. माणसाच्या शरीरातून 0.1 अँपिअर प्रवाह गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. पण एमसीबीच्या लेखी तो एखाद्या लहान दिव्याइतका भार आहे. तो जागचा हलणार नाही.

माणसासाठी आरसीसीबी हवा. सर्किटमध्ये गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांची तो सतत तुलना करतो. दोहोंत फरक पडला, म्हणजे थोडा प्रवाह भलत्याच वाटेने जमिनीत जाऊ लागला, की तो पुरवठा तोडतो. घरगुती वापरासाठी 30 मिलिअँपिअरचा, म्हणजे 0.03 अँपिअरचा, आरसीसीबी घ्यावा. बाजारात 100 व 300 मिलिअँपिअरचेही मिळतात. ते मुख्यतः आगीपासून संरक्षणासाठी असतात. आरसीसीबीवर चाचणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा, तसेच करवत लावण्यापूर्वी, दाबून पाहावे. दाबल्याबरोबर पुरवठा तुटला पाहिजे. वारंवार तुटतो म्हणून आरसीसीबी काढून टाकणे म्हणजे घरात कोठेतरी प्रवाह गळत असल्याची खूण पुसून टाकणे होय.

अनेक करवतींना दोनच पिनांचा प्लग असतो आणि अंगावर चौकोनात चौकोन अशी खूण असते. ही दुहेरी विद्युतरोधनाची खूण आहे. अशा यंत्राला अर्थिंगची पिन लागत नाही. मात्र हे संरक्षण यंत्राच्या कवचापुरते असते. कवचात पाणी शिरले किंवा साखळीने वायर कापली, तर त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून दोन पिनांच्या करवतीलाही आरसीसीबी हवाच.

वायर : जाडी, लांबी आणि जागा

एक्स्टेंशनची वायर बारीक व लांब असली की वाटेतच विजेचा दाब घटतो. 9 अँपिअर प्रवाहाला तांब्याच्या 0.75 चौरस मिलिमीटर जाडीच्या 50 मीटर वायरीत सुमारे 23 व्होल्ट कमी होतात. 1.5 चौरस मिलिमीटरमध्ये सुमारे 12, तर 2.5 मध्ये सुमारे 7 व्होल्ट. गावात संध्याकाळी आधीच दाब कमी असतो. त्यात हा तोटा मिळाला की मोटर मंदावते, माणूस यंत्रावर जोर देतो, मोटर तापते आणि साखळी लाकडात अडकते. 25 मीटरपर्यंत 1.5 आणि त्यापुढे 2.5 चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. 50 मीटरपलीकडे जाऊच नये.

वायर बाहेरच्या कामाची, लवचीक आणि जाड आवरणाची असावी. घराच्या फिटिंगची वायर चालत नाही. ती अखंड असावी. पिळ देऊन व चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड ओल्या गवतावर पडला की तोच धक्क्याचा उगम ठरतो. रीळावरची वायर पूर्ण उलगडून घ्यावी, कारण गुंडाळलेल्या अवस्थेत ती तापून आवरण वितळू शकते. रंग भडक असावा, म्हणजे पाल्यापाचोळ्यात ती नजरेस पडते.

काम करताना वायर नेहमी पाठीमागे असावी. करवतीच्या मागच्या मुठीपाशी वायर अडकवण्यासाठी खाच असते. तीत वायरीचा वळसा अडकवला की ओढ बसल्यावर प्लग निसटत नाही. वायर कापली गेल्यास तिला हात लावू नये. आधी सॉकेटचे बटण बंद करावे, प्लग काढावा आणि मगच वायर उचलावी.

पाऊस, दव किंवा नुकतेच शिंपलेले अंगण असताना ही करवत वापरू नये. ओल्या लाकडाबाबतही तेच. मृगाचे ढग जमल्यावर ‘एवढे दोन ओंडके संपवू’ असे म्हणण्याचा मोह आवरावा.

साखळीची उसळी

बारच्या टोकाचा वरचा पाव भाग हा या यंत्रातील सर्वांत धोक्याचा भाग आहे. फिरती साखळी तेथे लाकडाला, शेजारच्या फांदीला किंवा दगडाला लागली की दात अडकतात आणि सारा जोर उलटून बार क्षणार्धात वर व मागे, चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वा खांद्याकडे, उसळतो. बारच्या खालच्या कडेने कापताना यंत्र पुढे ओढले जाते, वरच्या कडेने कापताना मागे ढकलले जाते. या दोन्ही ओढी पकड घट्ट असेल तर आवरता येतात. टोकाची उसळी ताकदीने आवरत नाही. ती घडूच न देणे हाच उपाय.

त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात. उजवा हात मागच्या मुठीवर, डावा हात पुढच्या मुठीवर आणि डावा अंगठा मुठीखालून वळवून घ्यावा. डावखुऱ्यानेही हीच पकड ठेवावी, कारण यंत्राची रचना तशीच असते. पाय फाकवून भक्कम उभे राहावे आणि डोके, मान व छाती बारच्या रेषेत न ठेवता किंचित डावीकडे ठेवावी. खांद्याच्या वर करवत उचलू नये. शिडीवर, झाडावर किंवा एका हाताने ती कधीही चालवू नये. साखळी पूर्ण वेगात आल्यावरच लाकडाला टेकवावी.

पुढच्या मुठीसमोरची ढाल पुढे ढकलली की साखळीचा ब्रेक लागतो. उसळीच्या वेळी मनगट आपोआप तिच्यावर आदळते. काम सुरू करण्यापूर्वी हा ब्रेक तपासावा. मुठीवरचे कुलूपबटण दाबल्याखेरीज स्विच दाबला जात नाही, ही सोयही मुद्दाम ठेवलेली आहे. बोट दुखते म्हणून स्विच दोरीने वा चिकटपट्टीने दाबून बांधून ठेवणे म्हणजे हातातून सुटलेली करवत फिरतीच ठेवणे होय.

लाकूड कसे ठेवावे, कसे कापावे

ओंडका जमिनीवर ठेवून कापला तर साखळी मातीला व खड्याला लागते. दात बोथट होतात आणि उसळीचा धोका वाढतो. सुताराकडे असते तशी घोडी वापरावी. ती नसल्यास दोन जाड लाकडांवर ओंडका टेकवून दोन्ही बाजूंनी पाचर द्यावी. दुसऱ्या माणसाने ओंडक्यावर पाय देऊन तो दाबून धरण्याची रीत पूर्णपणे सोडावी. पहिली चूक झाली की तोच पाय साखळीच्या वाटेत येतो.

ओंडक्याचे एक टोक अधांतरी असेल, तर ते स्वतःच्या भाराने खाली झुकत असते. तेथे आधी खालून एक-तृतीयांश कापावे आणि मग वरून काप पुरा करावा. दोन्ही टोके टेकलेली असतील, तर मधला भाग खाली दबत असतो. तेथे आधी वरून एक-तृतीयांश आणि मग खालून. हा क्रम उलटला की काप मिटून बार अडकतो. अडकल्यास हिसके न देता प्लग काढावा आणि पाचर मारून काप उघडावा.

धुऱ्यावरच्या जुन्या बाभळीत व निंबात कुंपणाची तार, खिळे आणि जनावरे बांधण्याच्या कड्या सालीखाली गडप झालेल्या असतात. साल फुगलेली किंवा काळवंडलेली दिसेल तेथे आधी कुऱ्हाडीने तासून पाहावे. वादळात पडलेल्या झाडाच्या दबून वाकलेल्या फांद्या धनुष्यासारख्या ताणलेल्या असतात; कापताच त्या उसळून लागतात.

उभे झाड पाडण्यासाठी तारेची करवत नाही. झाड कलू लागताच तिरके मागे सरून दूर जावे लागते आणि त्याच क्षणी पायांत वायर असणे परवडत नाही. विजेच्या तारांजवळच्या फांदीला तर कोणत्याही करवतीने हात लावू नये. 11 केव्हीच्या तारेला ओली फांदी टेकली तरी प्रवाह तिच्यातून खाली येऊ शकतो. अशा वेळी लाइनमनला कळवावे किंवा 1912 या क्रमांकावर नोंद करावी आणि पुरवठा बंद झाल्याची खात्री झाल्यावरच त्यांच्या देखरेखीखाली काम करावे.

पोशाख आणि सोबत

खांद्यावरचे उपरणे, सुटे धोतर, पदर, ओढणी व हातातील कडे ही सर्व साखळीत गुंतू शकतात. अंगाला बसणारे कपडे, पकड असलेले बंद बूट, डोळ्यांना चष्मा आणि कानांना बोळे किंवा आवरण घालावे. साखळी अडवणारे खास पायघोळही मिळते. त्यातील तंतू साखळीच्या चाकात गुंतून पेट्रोलची करवत थांबवतात; विजेची मोटर मात्र मंद वेगातही जोर धरते, म्हणून तीच खात्री येथे देता येत नाही. पायघोळ घातले तरी पाय बारच्या रेषेबाहेरच ठेवावे.

एकट्याने काम करू नये. सोबतचा माणूस किमान 5 मीटर दूर, पण सॉकेटच्या जवळ असावा आणि त्याला बटण कोठे आहे हे ठाऊक असावे. मुले व जनावरे अंगणाबाहेर ठेवावीत. आदिलाबादच्या उन्हाळ्यात हे काम सकाळीच उरकावे. थकलेल्या हाताची पकड ढिली पडते आणि तापलेली मोटरही बंद पडते. मद्यपान केलेल्या माणसाच्या हाती करवत देऊ नये.

निगा

साखळीला हात लावण्यापूर्वी प्लग काढलेला असावा. केवळ स्विच बंद असणे पुरेसे नाही. साखळी बारच्या मधोमध धरून उचलली असता 3 ते 4 मिलिमीटर उचलली जावी आणि हाताने सहज फिरावी. ढिली साखळी निसटते, अति ताणलेली तुटते. तापल्यावर साखळी लांबते, म्हणून कामाच्या मध्येही ताण तपासावा. तेलाची टाकी भरलेली ठेवावी. जळके इंजिन ऑइल घालू नये. फिकट पुठ्ठ्यासमोर करवत क्षणभर चालवली असता तेलाचे शिंतोडे दिसले, तर तेल पोहोचत आहे. लाकडाच्या ढलप्यांऐवजी भुसा पडू लागला, तर दात बोथट झाले असे समजून कानस लावावी.

परवानगी

झाड स्वतःच्या शेतातले असले, तरी ते तोडण्यापूर्वी नियम पाहावेत. तेलंगणात 2002 चा जल, जमीन व वृक्ष कायदा, म्हणजे वाल्टा, लागू आहे. सागाचे लाकूड वाहून नेण्यास वन खात्याचा परवाना लागतो. नदीपलीकडे महाराष्ट्रात नियम वेगळे असल्याने सीमेपार लाकूड नेणाऱ्यांनी दोन्हीकडे चौकशी करावी.

अपघात झाल्यास

धक्का बसलेल्या माणसाला स्पर्श करण्यापूर्वी वीज तोडावी. बटण हाती लागत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या काठीने वायर दूर करावी. ही रीत घरगुती दाबापुरतीच आहे. 11 केव्हीच्या तारेजवळ पडलेल्या माणसापाशी पुरवठा बंद होईपर्यंत जाऊ नये. श्वास थांबला असल्यास छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे 5 सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. बरा वाटला तरी धक्का बसलेला माणूस डॉक्टरांना दाखवावा, कारण हृदयाच्या लयीतील बिघाड बाहेरून दिसत नाही.

साखळीच्या जखमेवर हळद, चुना किंवा माती लावू नये. स्वच्छ कापडाची जाड घडी करून तळहाताने सतत दाबून धरावी; कापड भिजले तर ते न काढता वर दुसरे ठेवावे. 108 वर दूरध्वनी करावा. मोठ्या जखमेसाठी आदिलाबाद येथे रिम्स हे शासकीय रुग्णालय आहे. बेल्याहून तेथवर पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ जखमेवर ठेवलेला हातच रक्त थोपवून धरतो. म्हणून काम सुरू करण्याआधीच वाहन कोणाचे, चालवणार कोण आणि दूरध्वनी कोणाच्या हाती, हे घरात ठरलेले असावे.